ठोकळा धरणारी

१

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला मी घराला कुलूप लावायचे, सायकल काढायचे आणि साडेतीन मैल तुडवत जुन्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये जायचे. इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशरमध्ये चढ नावालाही नाही. वारा मात्र आहे, आणि तुम्ही कुठल्याही दिशेला निघा, तो समोरूनच येतो.

विमानांचं मला काडीचं वेड नव्हतं. आई सात वर्षं अंथरुणावर होती. ती गेल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातली आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी तेवढी उरली, आणि बाकीचे दोन दिवस घरातलं घड्याळ फार मोठ्यानं वाजायला लागलं. हँगरमध्ये माणसं हवी आहेत अशी चिठ्ठी पोस्टाच्या दारावर वाचली आणि गेले.

तिथं दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बफेकी विमान उभं करायचं चाललं होतं. नाक एका भंगारवाल्याकडून आलेलं, एक पंख दलदलीतून उपसलेला, चाकं कुणाच्या तरी गवताच्या गाडीखालून काढलेली. शेपटाकडच्या भागात एका शेतकऱ्यानं चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्या होत्या. दोन महिने मी नुसती शीट खरवडत होते. शाळेतल्या बायका म्हणायच्या, "ऊना, अगं तुझ्या केसांना वास येतो." यायचाच.

सगळ्यांवर देखरेख डेस्मंड टास्करची. हवाई दलातून निवृत्त झालेला यंत्रज्ञ, पासष्टीचा, मिशा कातरलेल्या, खिशात कायम घडी केलेला विमानाचा मूळ नकाशा. मूळ नकाशात नाही ते भोक नाही आणि मूळ नकाशात नाही तो स्क्रू नाही. आणि मला काम शिकवलं ते मिस्टर ओडलिंग यांनी. क्लेम ओडलिंग, वय अठ्ठ्याहत्तर, युद्धाच्या काळात मिडलँड्समधल्या एका विमान कारखान्यात रिव्हेट ठोकणारे. मी पन्नाशीला टेकले होते तरी ते मला पोरीच म्हणायचे.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खीळ, ठोकणं हे दोघांचं काम. बाहेरचा माणूस पत्र्याच्या भोकात रिव्हेट घालतो आणि हवेच्या हातोडीनं, म्हणजे गननं, त्याच्या डोक्यावर मारतो. आतला माणूस रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे ते टोक चेपून बटणासारखं बसतं. मध्ये पत्रा, तोंड दिसत नाही, आणि आवाज असा की बोलायची सोय नाही. म्हणून आतला ठोकळ्यानं पत्र्यावर टकटक करतो. एकदा, म्हणजे छान बसला. दोनदा, म्हणजे अजून मार. तीनदा, म्हणजे बिघडला, काढून टाक.

"या भाषेत भांडण होत नाही," मिस्टर ओडलिंग म्हणायचे. "माझं लग्न असंच व्हायला हवं होतं."

गन माझ्याकडे असायची. ठोकळा घेऊन ते आत बसायचे.

२

एक्याण्णव सालच्या एप्रिलात आम्ही शेपटाच्या अगदी टोकाला पोचलो. धड तिथं निमुळतं होत जातं. एक आडवी भिंत येते, तिच्यात पावाच्या भट्टीच्या दाराएवढं भोक, आणि पलीकडे माणसाला नीट बसताही येणार नाही अशी जागा. मिस्टर ओडलिंग भिंतीच्या अलीकडे बुटक्या स्टुलावर बसायचे आणि भोकातून हात घालून लांब दांड्याचा ठोकळा धरायचे.

डेस्मंडनं आधीच विचारलं होतं, "क्लेम, तुमचा हात पोचेल का तिथवर?"

"पोचेल."

"नाही पोचला तर सांगा. एखाद्या सडपातळ माणसाला बोलावतो. तुम्ही दिवे पुसा, पितळेचं काम पडलंय."

दिवे पुसणं म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी ज्याला दिवे पुसायला बसवलं तो दोन महिन्यांत यायचा बंद झाला होता. मिस्टर ओडलिंगना घरी एक मांजर आणि बायकोचा फोटो, एवढंच होतं. ते म्हणाले, "पोचतो म्हटलं ना."

आणि पोचत होता. त्या गुरुवारी काम असं चाललं होतं की मलाच नवल वाटलं. रिव्हेट घालायचा, मारायचं, एक टकटक. पुढचा. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवलेल्या, त्यामुळे टकटक मला ऐकू येण्यापेक्षा पत्र्यावर टेकलेल्या डाव्या हाताला कळायची. बावीस रिव्हेट बसले. तेविसावा अर्धवट असताना डबीतले रिव्हेट संपले, म्हणून मी मागच्या फळीकडे वळले.

हँगरच्या दुसऱ्या टोकाला, चहाच्या टेबलापाशी मिस्टर ओडलिंग पाठमोरे उभे होते. एका हातात कप. दुसऱ्या हातानं ते बश्या आवरत होते. कपातला चहा निम्मा झालेला होता.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आत्ताच आले असतील, असं मनाशी म्हटलं. पण आतून बाहेर यायला त्यांना गुडघ्यांमुळे चार-पाच मिनिटं लागायची, आणि शेवटची टकटक होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

माझा डावा हात अजून पत्र्यावरच होता. त्याच्याखाली दोनदा टकटक झाली.

अजून मार.

मी वळले आणि मारलं. का मारलं ते आजही सांगता येत नाही. दोनदा टकटक झाली की मारायचं, एवढंच हाताला माहीत होतं. एक टकटक आली. छान बसला.

मग गन खाली ठेवली आणि कानांवरच्या टोप्या काढल्या. हँगरच्या पत्र्यांवरून वारा सरकत होता, आणि मिस्टर ओडलिंग आवाजानं आतल्या कुणाला तरी त्रास होऊ नये अशा बेतानं बश्या एकीवर एक ठेवत होते.

३

बॅटरी घेऊन मी आत शिरले. स्टूल रिकामं होतं. लांब दांड्याचा ठोकळा त्याच्याजवळ आडवा ठेवलेला. भिंतीच्या भोकातून बॅटरी आत धरली. निमुळती जागा, कोंबड्यांचा कितीही घासलं तरी न गेलेला वास, आणि वर रिव्हेटांची ओळ. तेवीस बटणं, सगळी एका उंचीची. मापपट्टी लावून पाहिली, एकही कमीजास्त नाही. लांब दांड्यानं इतकं सरळ काम होत नाही. ठोकळा थेट मुठीत धरावा लागतो, आणि त्यासाठी त्या जागेत जाऊन बसावं लागतं.

बाहेर आले तेव्हा मिस्टर ओडलिंग माझ्यासाठी चहा आणि मनुकांच्या पावाचा तुकडा घेऊन उभे होते.

"तुम्ही बाहेर कधी आलात?" मी विचारलं.

"झाला की अर्धा तास."

"मग ठोकळा कोण धरत होतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे? तू नाही आणलीस तिला?"

"कुणाला?"

"मला वाटलं, शाळेतली कुणी असेल तुझ्या ओळखीची. अंगानं लहान आहे. गेल्या आठवड्यात माझा हात पोचेना. खांदा असा धरला की डोळ्यांत पाणी आलं. तर तिनं माझ्या हातातून ठोकळा घेतला. हळूच. म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी घेतात ना, तसा." बोलता बोलता माझा चेहरा बघून ते थांबले. "तू नाही आणलीस," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी विचारत नव्हते.

"तुम्ही तिला पाहिलंत?"

"आत अंधार असतो, पोरी." त्यांनी पाव माझ्या हातात दिला. "खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

४

घरी येऊन मी विचार केला. मला विचार करायची सवय आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत ती भिंतीवरच्या कुणाशी तरी बोलायची, तेव्हाही मी आधी औषधाची बाटली वाचली होती.

अ‍ॅल्युमिनियम ऊन लागलं की फुगतं, सावलीत आखडतं, आणि तसं होताना टकटकतं. हे खरं आहे. मिस्टर ओडलिंगना वेळेचं भान राहत नसेल, आणि चहा त्यांनी भराभर प्यायला असेल. ओळीतले रिव्हेट त्यांनीच मंगळवारी बसवले असतील आणि मी नवे समजून पुन्हा मारत असेन. एकेक कारण सुटं धरलं की टिकायचं. सगळी एकत्र बांधली की गाठोडं सुटायचं. आखडणारा पत्रा अर्धवट रिव्हेटवर बरोबर दोनदाच कसा टकटकेल?

तरी मंगळवारी गेले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण डेस्मंड सकाळीच शेपटाभोवती फिरून, पत्र्यावर बोट फिरवून म्हणाला होता, "क्लेम, मानलं तुम्हाला. वीस वर्षांनी तरुण झालात की! दिवे राहू देत." आणि मिस्टर ओडलिंगनी मान खाली घालून "हं" म्हटलं होतं. त्या "हं"साठी मी गन उचलली.

तसं चार आठवडे, मंगळवार-गुरुवार मिळून आठ दिवस, काम केलं. रोज सकाळी मिस्टर ओडलिंग स्टुलावर जाऊन बसायचे, कारण डेस्मंड बघत असायचा. ठोकळा भिंतीच्या भोकाशी धरायचे आणि तो आत जायचा.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली. आत एक दिवा लावून ठेवला. रिव्हेट न बसवलेल्या भोकांतून उजेड बाहेर यायचा, आणि पत्र्यावर ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी दिसायच्या. एके सकाळी मिस्टर ओडलिंग आत चढायच्या आधीच मी शेपटासमोर उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग भिंतीजवळचा पहिला ठिपका विझला. मग दुसरा. पहिला पुन्हा उजळला. तिसरा विझला, दुसरा उजळला. असं करत काहीतरी सावकाश, गुडघ्यांवर रांगत असावं तसं थांबत थांबत, भिंतीपासून टोकापर्यंत गेलं. टोकाच्या चार भोकांवर येऊन ते थांबलं, आणि ती चार भोकं काळीच राहिली.

ती माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होती.

पाऊल मागे घ्यावं एवढंही मला सुचलं नाही. मी म्हटलं, "सुप्रभात." शाळेत नवी बाई कामाला आली की म्हणते तसं.

५

शेवटचा पत्रा उरला. ताटाएवढा तुकडा, शेपटाच्या कुशीत खालच्या अंगाला. तो बसला की ती जागा कायमची बंद. तसे पत्रे आधी तात्पुरत्या खिळ्यांनी टाचून ठेवतात, मग एकेक खिळा काढून रिव्हेट घालतात.

पहिला रिव्हेट मारला. तीनदा टकटक.

मी तो पोखरून काढला, नवा घातला, जपून मारला. तीनदा टकटक. दुसऱ्या भोकात घातला. तीनदा. चौथ्या वेळी मी गन नुसती टेकवली, चालूही केली नाही, तरी तीनदा टकटक झाली. जोरात नाही. दार ठोठावताना घरात कुणी झोपलेलं असेल तर ठोठावतात, तेवढीच.

डेस्मंड मागे येऊन उभा होता. "काय चाललंय? सकाळपासून एक रिव्हेट नाही?"

"बसत नाहीत."

"क्लेम!" त्यानं शेपटावर थाप मारली. "काय झालं?"

आतून मिस्टर ओडलिंगचा आवाज आला. "हा पत्रा राहू दे, डेस्मंड. उघडाच ठेवू या."

"उघडा? नकाशात उघडा आहे का?"

"बिजागरी लावू. छोटं दार."

"जूनमध्ये लोक बघायला येणार. ज्यांनी ही विमानं उडवली ती माणसं येणार. त्यांना काय सांगू, ओडलिंगसाहेबांना हवा यावी म्हणून खिडकी ठेवलीय?" मग आवाज खाली आणून तो मला म्हणाला, "ऊना, त्यांचा हात कापतोय. मला कळत नाही का? गुरुवारी दोन वाजता दुसरीकडचा एक माणूस बोलावतो, तो आणि त्याची मुलगी दोघं रिव्हेटचंच काम करतात. ते बंद करतील. क्लेमना तू सांग. माझ्यानं सांगवत नाही."

तो गेला. मी एक खिळा उपसला, पत्र्याचा कोपरा बोटभर वाकवला आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा आत सरकवला. दुसऱ्या हातात बॅटरी.

आरशात बरगडी दिसली, रिव्हेटांची ओळ दिसली, मग ठोकळा. ठोकळ्याभोवती एक हात होता. लहान, लाल झालेला, अंगठ्याला फडक्याची पट्टी बांधलेली आणि तिची गाठ दातांनी मारलेली असावी अशी. नखं कापलेली. हात हलत नव्हता. पुढच्या भोकावर ठोकळा दाबून तो वाट बघत होता.

मी आरसा आणखी कलता केला असता तर मनगट दिसलं असतं, पुढचंही दिसलं असतं. मी तो काढून घेतला. दुसऱ्याच्या खोलीचं दार चुकून उघडलं की माणूस ओढून घेतो, तसा.

६

मिस्टर ओडलिंगना मी धावपट्टीच्या कडेला गाठलं. ते सिमेंटच्या ठोकळ्यावर बसून सँडविचचा कागद घडी करत होते. डेस्मंडचा निरोप सांगितला. ते रागावले नाहीत.

"त्याचं बरोबर आहे. मी कुठं काम करतोय?"

"मिस्टर ओडलिंग, आत कोण आहे?"

त्यांनी कागदाची आणखी एक घडी केली. "कारखान्यात शेपटाच्या टोकाला लहान अंगाच्या पोरी घालायचे. अठरा-एकोणीस वर्षांच्या. सकाळी आत जायच्या, जेवणाच्या भोंग्याला बाहेर यायच्या. एकेका शेपटाला एक, आणि शेपटांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी जी होती तिच्यासोबत मी चौदा महिने काम केलं. चेहरा ओळखू आला नसता मला. बाहेर आल्या की सगळ्या सारख्याच, डोक्याला रुमाल, तोंड काळं. पण टकटक हजारांत ओळखली असती."

"ही तीच आहे?"

"नाही. ही वेगळी आहे. हात वेगळा आहे." त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं. "एकदा भोंगा झाला, पण जेवणाचा नव्हे. दुसरा. जर्मन विमानं बॉम्ब टाकायला आली तेव्हाचा. आम्ही बाहेरचे होतो, आम्ही पळालो. शेपटातून मागं सरकत बाहेर यायला वेळ लागतो, पोरी. कुणीतरी पाय धरून ओढावं लागतं."

मी त्यांच्या शेजारी टेकले.

"हे विमान आमच्या कारखान्यातलं नाहीसुद्धा," ते म्हणाले. "त्यावर शिक्का आहे, मी पाहिला. दुसऱ्याच गावचं आहे. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय." मग माझ्याकडे वळून, "गुरुवारी अकराला माझ्याबरोबर थांबशील? डेस्मंड आणि बाकीचे त्या दिवशी बाराशिवाय येणार नाहीत. दार धरायला एक माणूस लागेल."

७

गुरुवारी ऊन होतं. लख्ख, बिनढगांचं, मेच्या सुरुवातीचं. मी मुद्दाम सांगते आहे, कारण लोक विचारतात.

मिस्टर ओडलिंगनी रविवारचा कोट घातला होता. त्यांनी तात्पुरते खिळे एकेक करून उपसले, पत्रा काढून फळीवर ठेवला आणि त्या ताटाएवढ्या तोंडाखाली दोन पायऱ्यांची घडवंची सरकवली. शेपूट लाकडी टेकूंवर चढवलेलं होतं, त्यामुळे ते तोंड त्यांच्या छातीच्या उंचीला येत होतं.

"एवढ्याशा जागेतून कोण येणार?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"तू दार धर."

हँगरचं लहान दार वाऱ्यानं आपटतं, त्याला पाठ लावून मी उभी राहिले. तिथून शेपूट वीसेक पावलांवर. मिस्टर ओडलिंगनी उजवा हात आत घातला, कोपरापर्यंत, तळवा वर करून.

"या," ते आत म्हणाले. "झालं आता. या बाहेर. मी धरतो."

काही झालं नाही. हँगरमध्ये चिमण्या होत्या, त्या बोलत होत्या. मी मनात म्हटलं, संपलं, म्हाताऱ्याला आता हळूहळू समजवायचं आणि घरी पोचवायचं.

तेवढ्यात चिमण्या गप्प झाल्या आणि त्यांचा खांदा खाली गेला.

ओझं पडलं की जातो तसा. त्यांनी दात आवळले, हात बाहेर आणला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. घडवंचीची वरची फळी करकरली. मग खालची. ते वळले आणि सावकाश, दुसऱ्याच्या चालीनं, माझ्याकडे निघाले. हात कमरेच्या उंचीवर धरलेला. माझ्यापासून दोन पावलांवर थांबून त्यांनी बोटं उघडली.

माझ्या समोरून थंडी गेली. एका माणसाएवढी. दोन्ही बाजूंना ऊन तसंच होतं.

"गेली?" मी कुजबुजले.

त्यांनी उत्तर दिलं नाही. ते शेपटाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

"मिस्टर ओडलिंग?"

"अजून एक आहे," ते म्हणाले.

ते परत गेले. हात आत घातला. खांदा खाली गेला. फळी करकरली. आणली, सोडली. परत गेले. पुन्हा. त्या जागेत मी स्वतः बॅटरी मारली होती. एक लहान मूल पाय पोटाशी घेऊन मावेल न मावेल अशी ती जागा. तिच्यातून ते एकेकीला उतरवत होते आणि प्रत्येकीला तेच म्हणत होते, "जपून, खालची पायरी अरुंद आहे." अकरापर्यंत मी मोजल्या. मग मोजणं सोडलं, कारण अकराव्या वेळी मला कळलं की आपण पाहुण्यांची ताटं मोजावीत तशा मोजतोय, आणि ते बरं वाटेना.

एकीनं जाताना माझ्या दंडाला हात लावला. अरुंद वाटेत अनोळखी बाई "जरा सरका हं" म्हणताना लावते, तसा. मी सरकले.

८

डेस्मंडची गाडी पावणेबाराला आली. तो माझ्या शेजारून आत शिरला आणि काढून ठेवलेला पत्रा पाहून जागीच थांबला.

"हे कुणी काढलं? क्लेम! कुणी सांगितलं तुम्हाला?"

मिस्टर ओडलिंग त्याच्याकडे बघू शकत नव्हते. त्यांचा डावा हात शेपटाला टेकलेला, उजवा आत, आणि अंग थरथरत होतं. ओठ निळसर झाले होते. कोटाची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओली, जणू हिवाळ्यातल्या विहिरीत बुडवून काढलेली.

"ऊना, काय झालंय यांना? हृदयाचं आहे का?" डेस्मंड धावला. त्यानं त्यांना मागून कवेत धरलं. "सोडा. सोडा म्हणतो ना!"

"सोडू कसा?" मिस्टर ओडलिंग म्हणाले. ते रडत होते. "तिनं हात धरलाय, डेस्मंड. आता सोडू कसा? मला ओढवत नाही. दुसऱ्यांदा सोडू?"

डेस्मंडनं माझ्याकडे पाहिलं. मी दार सोडलं नाही. मी मान हलवली फक्त. होय अशी, की नाही अशी, मलाही कळलं नाही.

तो माणूस आयुष्यभर नकाशाबाहेर गेला नव्हता. त्यानं मिशीवरून एकदा हात फिरवला, मिस्टर ओडलिंगना हलकेच बाजूला बसवलं, आणि त्यांचा हात जिथं होता तिथं स्वतःचा घातला. मला वाटतं, म्हाताऱ्याचं समाधान करावं एवढ्याचसाठी.

त्याचा खांदा खाली गेला.

तो ओरडला नाही. त्याच्या तोंडातून श्वास बाहेर पडला आणि बराच वेळ परत आत गेला नाही. मग तो अगदी वेगळ्या, घरातल्या आवाजात म्हणाला, "अरेरे. किती गार पडलाय हात, बाळा." आणि त्यानं तिला खाली घेतलं.

मिस्टर ओडलिंग उलट्या पेटीवर बसून माझा कोट पांघरून बघत होते, आणि मधूनच सांगत होते, "सावकाश. त्यांना उजेडाची सवय नाही." डेस्मंड आणून सोडायचा आणि परत जायचा. ऊन दारातून आत सरकत माझ्या बुटांपर्यंत आलं. मी आत त्या तोंडाकडे बघत नव्हते. एकदाच नजर गेली. काळोख होता, आणि काळोखाच्या कडेला, पत्र्यावर टेकलेली, चार-पाच बोटं होती. पुढचीला जागा द्यावी तशी ती बाजूला सरकली.

दोन वाजता बाहेर गाडी थांबली. दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज झाला. गणवेशासारखे निळे कपडे घातलेला एक माणूस आणि त्याच्यामागे एक सडपातळ मुलगी, हातात अवजारांची पेटी, दारापाशी आली. मला बघून माणूस म्हणाला, "शेवटचा पत्रा बंद करायचा आहे ना? तासाभराचं काम सांगितलं होतं टास्करसाहेबांनी."

आतून डेस्मंडचा आवाज आला. तो शेपटापाशीच होता, हात आत, पाठ आमच्याकडे. शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"आज नाही," तो म्हणाला. "आत अजून माणसं आहेत."